जुन्या टर्बो गाड्यांचे इंजेक्टर बदलायचे आहेत? गोव्यातून वारंवार येणारे प्रश्न

पेडण्यापासून काणकोणपर्यंत जुन्या टर्बो गाड्या जिवापाड सांभाळणारे लोक पुष्कळ आहेत. कोणाकडे ऑक्टाविया १.८ टी असते, कोणाकडे लिनिया टी-जेट, तर कोणाकडे स्कॉर्पिओ, सफारी, लॉरा किंवा डिझेल स्विफ्ट. इंजेक्टरबद्दल या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. मोठे इंजेक्टर घातले की गाडीची ताकद वाढते ना?

नाही. ताकद हवेवर ठरते. टर्बो सिलिंडरात जेवढी हवा कोंबतो, तेवढ्या हवेला पुरेल इतकंच इंधन देणं हे इंजेक्टरचं काम. हवा होती तेवढीच ठेवून पेट्रोल गाडीत नुसते इंजेक्टर मोठे केले, तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ते उघडे ठेवण्याचा वेळ कमी करून जुन्याच प्रमाणावर यायला बघतो. ते जमलं तर गाडी आधी होती तशीच चालते. नाही जमलं तर प्लग काळे पडतात, अॅव्हरेज उतरतो आणि आयडलिंगला गाडी डुचमळते.

मोठ्या इंजेक्टरची गरज पडते ती बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवल्यावर किंवा मोठा टर्बो बसवल्यावर, आणि तीसुद्धा कंपनीचे इंजेक्टर वरच्या आरपीएमला अपुरे पडू लागले तरच. डिझेलचा हिशोब वेगळा आहे, तो प्रश्न ४ मध्ये.

२. गाडीचा पिकअप गेलाय. मिस्त्री म्हणतो चारही इंजेक्टर बदला. बदलू का?

लगेच नको. पिकअप जाण्याची इतर कारणं जास्त स्वस्त आहेत आणि जुन्या गाडीत तीच जास्त वेळा सापडतात.

आधी एअर फिल्टर उघडून बघा. डिचोली, सांखळी, उसगाव या खाणपट्ट्यात रोज फिरणाऱ्या गाडीच्या फिल्टरात तांबडी धूळ इतकी साचते की पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट बघण्यात अर्थ नाही. हीच धूळ पुढे एअर मास सेन्सरच्या तारेवर बसली की सेन्सर हवा कमी दाखवतो, ईसीयू इंधन कमी देतो, आणि दोष येतो इंजेक्टरवर. नंतर टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इनटेक असे रबरी पाइप हातानं दाबून, वाकवून बघा. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला, क्लिपच्या अगदी शेजारी असते आणि तिच्याभोवती तेलाचा ओला डाग दिसतो. पेट्रोल गाडीत प्लग आणि कॉइल, डिझेलमध्ये डिझेल फिल्टर, आणि दोन्हींत कॉम्प्रेशन तपासून घ्या.

एवढं सगळं ठीक निघालं, तर इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावायचे. पेट्रोलचे चार इंजेक्टर बेंचवर एका ओळीत लागतात आणि प्रत्येकाखाली आकडे छापलेली काचेची नळी असते. चारही एकाच वेळी, एकाच दाबाने, ठरावीक वेळ चालवतात. मग नळ्यांतली पातळी डोळ्यांसमोर असते. तिघांची एका रेषेत आणि चौथ्याची बोटभर खाली, हे दृश्य जुन्या गाडीत नेहमीचं. फवारासुद्धा बघायचा. चांगल्या इंजेक्टरचा फवारा धुक्यासारखा बारीक पसरतो, खराब इंजेक्टर एकच बारीक धार सोडतो. बंद असताना टोकाला थेंब लोंबत असेल तर तो गळतोय. अल्ट्रासॉनिक सफाई, आतली बारीक जाळी आणि ओ-रिंग नवीन, एवढं केल्यावर चौघांतला फरक चारपाच टक्क्यांच्या आत आला तर तेच इंजेक्टर परत बसवा. माझ्या मते जुन्या टर्बो पेट्रोल गाडीवर करण्यासारखा हा सगळ्यात फायद्याचा खर्च आहे.

टाकीत ओतायची इंजेक्टर क्लीनरची बाटली किरकोळ मळ काढते. अडकलेला किंवा गळणारा इंजेक्टर तिने दुरुस्त होत नाही.

३. इंजेक्टर खरंच अपुरे पडतायत हे कळायचं कसं?

पेट्रोल गाडीत ड्यूटी सायकलवरून. ६,००० आरपीएमला इंजिनाचे दोन फेरे, म्हणजे एक पूर्ण चक्र, २० मिलिसेकंदांत होतं. इंजेक्टरला उघडायला मिळणारा जास्तीत जास्त वेळ एवढाच. त्यातले १६ मिलिसेकंद तो उघडा असेल तर ड्यूटी सायकल ८० टक्के झाली, आणि थांबायची जागा तीच. ९० च्या पुढे गेलं की इंजेक्टरला नीट बंद व्हायलाच वेळ उरत नाही, आणि किती इंधन जातंय यावर ईसीयूचा ताबा राहत नाही.

हे बघायला लॅपटॉप किंवा चांगला स्कॅनर लागतो. त्याच्या जोडीला एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवा. कंपनीचा साधा सेन्सर मिश्रण रिच (इंधन जास्त) आहे की लीन (इंधन कमी) एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. फुल थ्रॉटल आणि पूर्ण बूस्टला टर्बो पेट्रोल गाडीचं मिश्रण साधारण ११.५ ते १२.५ भाग हवेला एक भाग इंधन एवढं असायला हवं. वर जाता जाता ते १३ कडे सरकत असेल तर पाय उचला आणि कारण शोधा. चोर्ला घाटाचा चढ या चाचणीला चांगला आहे, कारण तिसऱ्या गिअरवर इंजिनाला खरा भार मिळतो. पण स्क्रीनकडे बघायला शेजारी दुसरा माणूस हवा, आणि वेळ रहदारी नसेल अशीच निवडा.

४. पेट्रोल टर्बो आणि डिझेल टर्बो, दोघांना नियम एकच का?

नाही, जवळजवळ उलटे आहेत. हे नीट समजून घ्या, कारण जास्तीत जास्त इंजिनं याच घोळात जातात.

पेट्रोल गाडीत भीती इंधन कमी पडण्याची. बूस्टखाली मिश्रण लीन झालं की ते प्लगच्या ठिणगीनंतर नीट सरकत जळण्याऐवजी कोपऱ्यात आपोआप भडकतं. त्याला आपण नॉकिंग म्हणतो. टर्बो इंजिनात ते काही सेकंद टिकलं तरी पिस्टनची रिंग बसवायची कड तुटू शकते.

डिझेलला लीन मिश्रणाचं काही वाटत नाही, ते एरवीही भरपूर जास्तीच्या हवेतच चालतं. तिथे भीती इंधन जास्त होण्याची. हवा नसताना डिझेल जास्त दिलं की सुरुवातीला ताकद खरंच वाढते, म्हणून माणूस खूश होतो. पण मागून काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढत जातं. टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान भारावर सतत ७०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे राहिलं, तर जुन्या इंजिनाचे पिस्टन आणि टर्बोची चाकं दोन्ही धोक्यात. अनमोड घाटात गाडी भरून चढताना हे तापमान सपाटीवरच्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून पणजी-म्हापसा चालवून 'काही होत नाही' असं ठरवू नका.

५. किती सीसीचे इंजेक्टर घ्यायचे याचा हिशोब कसा करतात?

पेट्रोलसाठी ढोबळ हिशोब असा. टर्बो इंजिनाला दर अश्वशक्तीमागे मिनिटाला सुमारे ६.३ सीसी पेट्रोल लागतं असं धरा. जुनी १.८ टी ऑक्टाविया आरएस आपल्याकडे १५० अश्वशक्तीची आली. ती २०० वर न्यायची असेल तर २०० गुणिले ६.३, म्हणजे १,२६० सीसी. चार सिलिंडरांत वाटले की प्रत्येकी ३१५. ड्यूटी सायकल ८० टक्क्यांवर ठेवायची म्हणून ०.८ ने भागा, उत्तर साधारण ३९४. म्हणजे ४०० सीसीच्या आसपासचे इंजेक्टर. लिनिया टी-जेट मुळात ११४ अश्वशक्तीची. तिला १५० हवी असेल तर याच हिशोबाने २९५, म्हणजे ३०० च्या जवळपास.

इंजेक्टरवर लिहिलेला आकडा बहुधा ३ बार दाबाचा असतो. विकणारा कोणत्या दाबाचा आकडा सांगतोय ते विचारल्याशिवाय तुलना करू नका. आणि 'पुढे कधीतरी लागतील' म्हणून दुप्पट आकाराचे घेऊ नका, त्याचा त्रास प्रश्न ८ मध्ये आहे. पुढे प्रश्न ११ मधल्या इथेनॉलसाठी दहाएक टक्के जागा ठेवा, ती पुरते.

६. इंजेक्टर तेच ठेवून फ्युएल प्रेशर वाढवलं तर चालेल का?

थोड्या वाढीसाठी चालतं, पण दाबाच्या पटीत इंधन वाढत नाही, वर्गमुळाच्या पटीत वाढतं. ३ बारचा रेग्युलेटर (इंधनाचा दाब ठरवणारा भाग) काढून ४ बारचा लावला तर दाब ३३ टक्के वाढला, इंधन मात्र साडेपंधरा टक्केच. त्यात पंपावर भार वाढतो तो वेगळा.

त्याआधी एक छोटी गोष्ट बघा. ज्या गाड्यांत रेग्युलेटर फ्युएल रेलवर (सगळ्या इंजेक्टरना इंधन देणाऱ्या नळीवर) असतो, तिथे त्याला इनटेकमधून एक बारीक रबरी नळी येते. बूस्ट वाढला की त्या नळीतून रेग्युलेटरला कळतं आणि तो रेलमधला दाब तेवढाच वाढवतो. आपल्या हवेत, इंजिनाच्या उष्णतेत ही नळी कडक होऊन तडकते. मग १ बार बूस्टला रेलमध्ये ४ बार हवेत तिथे त्याहून कमीच मिळतात, आणि गाडी नेमकी भारावर लीन होते. हातभर नळीचं काम असतं आणि लोक इंजेक्टर बदलून बसतात.

७. इंजेक्टर विकत घेताना आकाराशिवाय काय बघायचं?

इम्पीडन्स, म्हणजे इंजेक्टरच्या आतल्या कॉइलचा विजेला होणारा अडथळा. मल्टिमीटर इंजेक्टरच्या दोन पिनांना लावा. १२ ते १६ ओहम आला तर हाय इम्पीडन्स, २ ते ५ ओहम आला तर लो. आपल्याकडच्या युरोपी गाड्या बहुतेक हाय इम्पीडन्सच्या. जुन्या जपानी टर्बो इंजिनांत लो इम्पीडन्सचेही असतात आणि त्यांच्या वायरिंगमध्ये वेगळा रेझिस्टर असतो. हाय इम्पीडन्सवाल्या ईसीयूला लो इम्पीडन्सचा इंजेक्टर थेट जोडलात तर करंट जास्त ओढला जाऊन ईसीयूतला इंजेक्टर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग (ड्रायव्हर) जळू शकतो.

मग उंची, वरच्या-खालच्या ओ-रिंगचा व्यास आणि कनेक्टरचा प्रकार. उंचीत फरक असला तर रेल नीट बसत नाही, आणि रेल वाकडी बसली की पेट्रोल गळतं ते थेट गरम इंजिनावर. कनेक्टरसाठी अॅडॅप्टर मिळतात, पण माझं मत विचाराल तर जुना कनेक्टर कापून योग्य तो नीट क्रिम्प करावा (चिमटून जोडावा). किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत जोड जितके कमी तितकं बरं. हिरवट बुरशी चढलेली पिन हे कळंगुट, कोलव्याकडच्या गाड्यांत मिसिंगचं (एखादा सिलिंडर नीट न पेटण्याचं) अगदी नेहमीचं कारण आहे.

फवाऱ्याची दिशासुद्धा बघा. एका सिलिंडरला दोन इनटेक व्हॉल्व्ह असतील तर दोन दिशांना फवारणारा इंजेक्टर लागतो. ऑक्टावियाच्या १.८ टी ला प्रत्येक सिलिंडरला तीन इनटेक व्हॉल्व्ह आहेत, त्यामुळे तिथे त्याच इंजिनासाठी जमलेला इंजेक्टर निवडणं जास्त सुरक्षित.

८. मोठे इंजेक्टर बसवल्यावर गाडी आयडलिंगला डुचमळते आणि रात्री एसी-लाइट लावले की बंद पडते. का?

डेड टाइममुळे. वीज मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो. आयडलिंगला एकूण वेळच दोनतीन मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे त्यातला मोठा भाग नुसता उघडण्यात जातो. इंजेक्टर जितका मोठा, तितका उरलेला वेळ आणखी लहान, आणि तेवढ्या लहान वेळात दर वेळी सारखंच इंधन टाकणं त्याला जमत नाही.

हा डेड टाइम व्होल्टेजप्रमाणे बदलतो. १४ व्होल्टला एक असेल तर ११-१२ व्होल्टला बराच वाढतो. पावसात वायपर, हेडलाइट, डिफॉगर, एसी सगळं एकदम चालू झालं आणि जुना अल्टरनेटर दमला की गाडी लीन होऊन बंद पडते. म्हणून नव्या इंजेक्टरबरोबर वेगवेगळ्या व्होल्टेजच्या डेड टाइमचा तक्ता मिळतो का ते बघा, आणि तो ईसीयूत भरून घ्या. तक्ता नसलेले इंजेक्टर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

९. रिमॅप नंतर करीन, सध्या इंजेक्टर बसवून चालवू का?

नको. ईसीयूला इंजेक्टर बदलल्याचं आपणहून कळत नाही, ते रिमॅप करून, म्हणजे त्याच्यातले इंधनाचे तक्ते बदलून, सांगावं लागतं. ऑक्सिजन सेन्सर बघून तो थोडीफार दुरुस्ती करतो, पण जुन्या गाड्यांत फुल थ्रॉटलला तो सेन्सरकडे न बघता ठरलेल्या तक्त्यावर चालतो, म्हणजे जिथे चूक महागात पडते तिथेच दुरुस्ती नसते. इंजेक्टर आणि रिमॅपची तारीख एकच ठेवा. रिमॅप करणारा बेळगाव, कोल्हापूर किंवा मुंबईहून येणार असेल तर तो येईपर्यंत इंजेक्टर खोक्यातच राहू देत.

१०. फ्युएल पंपही बदलावा लागतो का?

अनेकदा लागतो, पण आधी पंपाला वीज किती पोचते ते मोजा. गाडी चालू असताना, भारावर, पंपाच्याच कनेक्टरला व्होल्टमीटर लावायचा. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर १२ च्या खाली असेल तर दोष जुन्या वायरीचा, रिलेचा किंवा अर्थिंगचा आहे. जाड वायर आणि नवा रिले टाकून गेलेला पंप 'परत आल्याची' उदाहरणं भरपूर आहेत. दाब वाढत जातो तसा कोणताही पंप इंधन कमी ढकलतो, म्हणून पंपाचा आकडा तुमच्या बूस्टला जो रेल प्रेशर लागेल त्या दाबाचा बघा.

११. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या इंजेक्टरना त्याचा काय त्रास?

दोन त्रास आहेत. पहिला प्रमाणाचा. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ ला एक लागतं, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठनऊ टक्के इंधन जास्त. ज्या गाडीचे इंजेक्टर आधीच ८५ टक्क्यांवर चालत होते, ती या पेट्रोलवर थेट लीनच्या बाजूला जाते. जुना रिमॅप केलेला असेल तर तो याच पेट्रोलवर पुन्हा तपासून घ्या.

दुसरा रबराचा. २०१० च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या गाड्यांतल्या ओ-रिंग आणि नळ्या एवढ्या इथेनॉलसाठी बनवलेल्या नाहीत. त्या फुगतात, मऊ पडतात, मग गळतात. इंजेक्टर काढलेच आहेत तर ओ-रिंग व्हिटॉनच्याच (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) टाका आणि जुनी रबरी नळी इथेनॉल चालणाऱ्या नळीने बदला. ओलाव्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

१२. चारपैकी एकच इंजेक्टर खराब आहे. एकच बदलला तर?

पेट्रोलमध्ये उरलेले तीन साफ करून बेंचवर मोजा आणि त्यांच्याशी जुळणारा चौथा घाला. कॉमन रेल डिझेलमध्येही (जिथे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल मिळतं) एक बदलता येतो, पण बाकीच्यांची रिटर्न लीकेज, म्हणजे इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल, मोजल्याशिवाय नाही. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक बाटली लावून इंजिन काही मिनिटं चालवतात. ज्याच्या बाटलीत डिझेल भराभर चढतं तो आतून झिजलेला. एक बदलल्यावर महिन्याभरात दुसरा जाणार असेल, तर तेव्हाच कळतं.

१३. कॉमन रेल डिझेलला नवीन इंजेक्टर टाकले, पण गाडी खडखडते आणि धूर येतो. इंजेक्टर नकली आहेत का?

असतीलही, पण आधी कोड भरलाय का ते विचारा. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यात मोजला जातो आणि त्याच्या सूक्ष्म फरकाचा कोड त्याच्या डोक्यावर छापलेला असतो. बॉशचा आयएमए कोड, डेल्फीचा वेगळा, डेन्सोचा क्यूआर प्रकारचा. तो स्कॅनरने त्या त्या सिलिंडरच्या नावे ईसीयूत भरावा लागतो. न भरता किंवा अदलाबदल करून भरला तर मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा पायलट फवारा चुकतो, आणि नेमका तोच खडखडाट थांबवण्यासाठी असतो. बसवण्याआधी चारही कोडांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, बसल्यावर काही गाड्यांत ते दिसतही नाहीत.

नंतर स्वच्छता. हे इंजेक्टर १,४०० ते १,६०० बार दाबावर काम करतात आणि त्यांच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजतात. पाइप सोडल्या क्षणी तोंडं टोपणांनी बंद व्हायला हवीत. आणि चालू इंजिनात गळती बोटानं चाचपू नका. त्या दाबाची धार दिसत नाही, कातडीतून आत शिरते, आणि अशी जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठावं लागतं.

१४. इंजेक्टरच्या बाजूनं 'चफ चफ' आवाज येतो आणि काळं काहीतरी साचलंय. ते काय?

डिझेल गाडीत हे दिसलं तर इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गेला. ज्वलनाचा वायू तिथून वर येतो, डिझेल आणि तेलाच्या वाफेत मिसळतो आणि इंजेक्टरभोवती घट्ट काळा थर जमतो. उशीर केलात तर इंजेक्टर त्यात असा चिकटतो की ओढून निघत नाही. स्लाइड हॅमर लागतो, आणि जोर चुकला तर हेडच उतरवावं लागतं.

काढल्यावर खाली टॉर्च मारून बघा, जुना वॉशर तळाला चिकटून राहिलेला असतो. त्याच्यावरच नवा टाकला तर इंजेक्टर एका वॉशरएवढा वर बसतो, फवारा पिस्टनच्या खळग्यात पडायचा तो कडेवर पडतो. बसण्याची जागा कटरने साफ करून, कंपनीच्याच जाडीचा नवा वॉशर, क्लॅम्पचा नवा बोल्ट आणि टॉर्क रेंच. जुना वॉशर तापवून पुन्हा वापरणं डिझेलमध्ये तरी बंद करा.

१५. 'नोझलची भोकं मोठी करून देतो, गाडी उडेल' असं एकजण म्हणतो. करू का?

रोजच्या डिझेल गाडीत करू नका. नोझलचं, म्हणजे इंजेक्टरच्या टोकाचं, भोक मोठं झालं की फक्त इंधन वाढत नाही, थेंबही जाड होतात आणि जळायला वेळ लागतो. चार नोझलांची भोकं अगदी सारखी करणं साध्या वर्कशॉपचं काम नाही. ज्या सिलिंडरला जास्त जातं तो तापतो, आणि एक्झॉस्टच्या एकत्रित तापमानात ते लपून राहतं. मोठी नोझल हवीच असेल तर त्या इंजिनाच्याच वरच्या मॉडेलची, त्याच फवारा-कोनाची शोधा, सोबत टर्बो आणि रिमॅप तिला साजेसा ठेवा, आणि तापमानाचा गेज लावा.

१६. माझ्या गाडीला हे लागू आहे का? लॉरा १.९ टीडीआय, पोलो जीटी टीएसआय, जुनी सुमो?

लॉराच्या १.९ टीडीआयमध्ये पंप आणि इंजेक्टर एकाच तुकड्यात असतात आणि कॅमशाफ्ट त्यांना वरून दाबते. दाब २,००० बारच्या घरात. तिथे इंजेक्टर काढला की कॅमशाफ्टचे लोब तपासा, अॅडजस्टिंग स्क्रू कंपनीच्या मापानं बसवा, आणि बाहेरची सील गेली तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं हे लक्षात ठेवा. डिपस्टिकवर पातळी वाढत असेल तर गाडी थांबवा.

पोलो जीटी टीएसआय आणि तत्सम गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरात जातं. प्रश्न ५ चा हिशोब तिथे तसाच चालत नाही, कारण मर्यादा बहुधा हाय प्रेशर पंपाची असते. पिकअप गेला असेल तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन आधी बघा, त्यांच्यावर पेट्रोल कधी पडतच नाही त्यामुळे तो धुतला जात नाही.

मेकॅनिकल पंपाच्या सुमो, बोलेरोंना कोड नाही, ईसीयू नाही. तिथे नोझल किती दाबाला उघडते ते शिमने (पातळ चकतीने) जुळवतात आणि पंपाचं कॅलिब्रेशन बेंचवर होतं. 'पंप वाढवून देणं' म्हणजे स्क्रू फिरवून डिझेल वाढवणं, आणि त्याला प्रश्न ४ मधलं तापमानाचं सगळं लागू आहे.

१७. पावसाळ्यात गाडी शेडमध्ये उभी होती. चवथीला चालू केली तर मिसिंग. इंजेक्टर गेले?

आधी टाकी. अर्धी रिकामी टाकी चार महिने आपल्या दमट हवेत उभी राहिली की आतल्या हवेतला ओलावा पेट्रोलमधलं इथेनॉल शोषून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि पंप नेमका तळातून ओढतो. काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढून ठेवा, दोन थर दिसले तर टाकी रिकामी करूनच पुढे जा. अशी गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून चालू करायचा हट्ट केला तर ते पाणी इंजेक्टरपर्यंत पोचतं आणि आत गंज धरतो.

डिझेलमध्ये फिल्टरखालचा पाण्याचा नळ दर पावसाळ्यात सोडायचा. कॉमन रेल इंजेक्टरला थोडंसं पाणीही पुरतं. उभी ठेवायची गाडी टाकी काठोकाठ भरून ठेवा, आणि पंधरा दिवसांनी एकदा तरी इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा.

१८. जुने काढलेले किंवा ऑनलाइन स्वस्त मिळणारे इंजेक्टर घ्यावेत का?

पेट्रोलचे जुने चालतील, बेंचवर मोजून आणि मोजल्याचा कागद घेऊन. कॉमन रेलचे जुने घेऊ नका. 'रिपेअर केलेले' घ्यायचे असतील तर नवीन कोड देणाऱ्या बेंचवरूनच, कारण आतला व्हॉल्व्ह किंवा नोझल बदलली की जुना कोड त्याला लागू राहत नाही.

१९. आरटीओ, पीयूसी आणि विम्याचं काय?

खराब इंजेक्टर काढून त्याच नंबरचा नवा घालणं ही दुरुस्ती आहे, त्यात काही अडचण नाही. बदल करताना मात्र मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लक्षात ठेवा. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ताकद वाढवणारा बदल केला तर विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवता अपघात झाला तर क्लेम अडकतो आणि तेव्हा कोणी मदतीला येत नाही.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन पुढे वाढवताना तपासणी होते. काळा धूर ओकणारी डिझेल किंवा रिच चालणारी पेट्रोल गाडी तिथे अडकते. त्यामुळे रजिस्ट्रेशन संपायला वर्षभर उरलं असेल तर आधी इंजेक्टर साफ करून गाडी मूळ स्थितीत तपासून घ्या, आणि रिमॅप करणाऱ्याकडून कंपनीच्या मूळ मॅपची फाइल मागून स्वतःजवळ ठेवा. ईसीयू पुढे कधी बदलावा लागला तरी तीच फाइल कामाला येते.